एकसष्टावं पान

तंजावूर,
मंगळवार, ९ जून

शांभवी अक्का,

नमस्कार. इकडे सगळी बरी आहेत, मी सोडून. रंजनाकाकूच्या नावानं मी अखिलाला लिहिलं. हो, गेलेल्या काकूच्या. आधी पुरतं वाच, मग शिव्या दे.

मुरलीकृष्णकाकांचं अखिलाला रोजचं ऐकवणं तुला ठाऊक आहे. "तेरा वर्षांची झालीस, एक पुस्तक तरी उघड. तुझी अम्मा साताऱ्याहून पाच मराठी पुस्तकं घेऊन आली होती."

"मग अम्मालाच वाचायला सांगा," अखिला म्हणायची. काकू गेली तेव्हा ही दोन वर्षांची.

मला मस्करी सुचली. पहिल्या पुस्तकात पेन्सिलीनं लिहिलं, "अखिला, नव्वदाव्या पानावर बघ." तिथं मी काहीच लिहिलं नव्हतं. ती फसेल, मी हसेन, एवढंच. पण तिनं थेट ते पान उघडलंच नाही. मधलं काही सुटेल म्हणून पहिल्या पानापासून वाचत बसली, शाळेतल्या हिंदीच्या जोरावर, एकेका अक्षरावर बोट ठेवून. अकरा दिवस. मग नव्वदावं कोरं कसं ठेवू? लिहिलं, "शाब्बास राणी. अशीच वाच, मोठी हो."

ते पान गालाला लावून बसली, अक्का. मी हसलो नाही.

आता चार पुस्तकं झाली, प्रत्येकात माझ्या ओळी. टाउन बसमध्येसुद्धा वाचते, डोसा थंड होतो. काकांना ती अक्षरं दाखवत नाही. म्हणते, अम्मानं मला लिहिलंय, त्यांना नाही. परवा मला विचारलं, "श्रीकर अण्णा, हे अम्माचंच अक्षर ना?"

"मला काय विचारतेस? मी हिंदीत दोनदा नापास."

"मग शांभवी अक्काला फोटो पाठवते. तिला अम्मानंच मराठी लिहायला शिकवलं."

म्हणून हे कुरियर. फोनवर लिहिलं असतं, पण माझा फोन घरी माझी अम्मा बघते.

अजून एक आहे. काल पाचव्या पुस्तकात लिहायला बसलो, तर एकसष्टाव्या पानावर आधीच पेन्सिल होती. बारीक, तिरकी. "फारच रटाळ. अखिला उठली, सुटले बाई." त्यापुढे कुठेच काही नाही.

पुसलं असतं तर मी वाचलो असतो. रबर हातात होता. नाही पुसवलं. मी रचलेली काकू सारखी "वाच, वाच" करते, हेडमास्तरणीसारखी. खरी काकू कंटाळायची, आणि ही रडत उठली की खूश व्हायची. दोन्ही अक्षरं शेजारी ठेवली की अखिलाला सगळं कळणार. माझं तोंड बघायचं नसेल तर नको बघू दे. पुस्तकं टाकून दिली तर काय करू?

आज ती छत्तिसाव्या पानावर आहे. खोटं बोल म्हणत नाही. फक्त दोन-तीन दिवस तिच्या फोटोला उत्तर देऊ नको, फोन घेऊ नको. तुझ्याकडून कळण्याआधी तिला तिच्या अम्माची ती एक ओळ वाचू दे. तोवर कुणाला सांगू नको अक्का, काकांना तर नकोच. पाया पडतो तुझ्या.

तुझा,
श्रीकर