एक हजार नऊ

३ फेब्रुवारी १९८३
आज पहाटे कंधारला आंघोळ उरकून त्रिशरण म्हटलं, डबा घेतला आणि लातूरची पहिली एस.टी. धरली. जिल्हा नवा, माणसं कमी. म्हणून मला या पाझर तलावाच्या कामावर हजेरी कारकून म्हणून धाडलंय. पन्नाशीला बदली नकोशी वाटते, पण माळावरचा मोकळा वारा लागला आणि बरं वाटलं. मुकादम मलप्पा उदगीरकडचा, तोंडाळ. म्हणाला, "साहेब, चष्मा पुसून मोजा, लई माणूस हाय." मोजले. एक हजार नऊ.

४ फेब्रुवारी
इथली रीत अशी की सगळ्या टोळ्या सारख्या. कमीजास्त झाल्या की खड्ड्याच्या मापावरून भांडणं. बाराच्या केल्या, तर केवळाबाई एकटी उरली. उरेल त्याला पायऱ्यांच्या जुन्या बारवेवर पाण्याला लावतात. विहिरी आटल्यात, बारवेला मात्र पाणी आहे. मला रुचलं नाही. गावच्या शाळेत मी दाराबाहेर बसून शिकलो. कुणाला एकटं बाजूला काढणं जिवावर येतं. केवळाबाई हसून म्हणाली, बरं झालं, सावलीत जाते.

५ फेब्रुवारी
काठावर भरलेली घागर. केवळाबाई नाही. मलप्पाच्या मते गेली असंल गावाकडं. रांगेच्या शेवटी एक नवी बाई उभी होती. पुन्हा एक हजार नऊ. सातसातच्या केल्या. दगडोबा उरला.

७ फेब्रुवारी
दगडोबाचीही घागरच वर आली. आठनं एक उरतो, नऊनं एक, चौदानं, सोळानंही एकच. अकराच्या केल्या तर आठजण उरले, घाबरून मोडल्या. शेवटी सरजाबाई उरली, तीही गेली. गुरुजी सांगायचे, काही आकडे कशानंच भागत नाहीत. एकतीसपर्यंत भागून पाहिलं. त्यापुढं पाहायची गरज नसते, बत्तीस बत्तिसे हजार चोवीस होतात. हा त्यातलाच.

८ फेब्रुवारी
आज उरलेल्या लिंबाजीला एका टोळीत तेरावा घातला. दुपारी टोळीनंच त्याला बाहेर काढलं. तेराव्याचं माप आमच्यात नको म्हणाले. माझ्यादेखत तो घागर घेऊन बारवेत उतरला. मागं धावलो. पायऱ्या कोरड्या. पाण्यावर तरंगसुद्धा नाही. वर आलो तर काठावर — भरलेली घागर.

९ फेब्रुवारी
एक नवा माणूस. एक हजार नऊ. बारवेचं पाणी बंद करा म्हणालो. तहानलेली माणसं अंगावर आली. उरलेला नरसिंग गेला. मलप्पा आता चेष्टा करत नाही. माझ्याकडं बघतही —

१० फेब्रुवारी
आज सिंधू उरली. सातवी शिकलेली पोर. पोटुशी. घागर कमरेवर घेतली होती —
तिला माझ्या खुर्चीवर बसवलं, हजेरी हातात दिली. म्हणाली, मामा, मला न्हाई जमायचं. म्हटलं, जमंल.
आता रांगेत एक हजार आठ. बाराच्या चौऱ्याऐंशी टोळ्या. कुणी उरत नाही.
पण पाणी तर लागतंच. घागर मी घेतली.
बारवेची तिसरी पायरी. बुद्धं सरणं —
खाली सगळे ओळीनं बसलेत. केवळाबाई, दगडोबा, सरजाबाई. मला बघून सरकले. मधे जागा केली —