चाळीस हुक, एकच वाढ

३ नोव्हें., सोम.
एक्सेलमधला माझा मॅक्रो चालला! क्लास नाही, कुणाला विचारणं नाही. हुक-चाचणीच्या तक्त्यात ओळ खाली कॉपी केली की सूत्रातला मर्यादेच्या चौकटीचा पत्ता घसरायचा, एकेक हातानं दुरुस्त करा. आता रकाना निवडायचा, बटण दाबायचं. पत्त्यांना $ लागतो, पत्ता जागचा हलत नाही. $ ला मी खुंटी म्हणतो. साहेब म्हणाले, "कुलकर्णी, इंजिनिअर लोकांना मागं टाकलंत." बी.ई.वाल्यांसमोर म्हणाले, हे महत्त्वाचं.

६ नोव्हें., गुरु.
नवी बॅच, क्रेनचे चाळीस हुक. प्रेसवर ताण देण्याआधी नि नंतर हुकाचं तोंड मोजायचं. फरक म्हणजे वाढ. वाढ मर्यादेबाहेर गेली की हुक बाद. मोजणी प्रेसवाल्या उस्मानभाईंची, तक्ता नि सही माझी.
एकही बाद नाही.
उस्मानभाई वर आले. "भाऊ, सत्तावीस नंबरचं तोंड लई खुललंय. हाताला लागतंय."
तक्ता दाखवला. पास. म्हटलं, "हाताला दशांश कळतात का?"
"व्हय, तुमचा कॉम्प्युटर पक्का नमाजी. कधी चुकवतच नाय."
सगळे हसले. मीपण.

११ नोव्हें., मंगळ.
बॅच सिल्लोडच्या जिनिंगला रवाना, कापसाच्या गाठी उचलायला. उ.भाईंचा जावई सलीम तिथंच, क्रेनखाली गाठी लावतो. उ.भाई आज चहाला आले नाहीत.

१३ नोव्हें., गुरु.
फायलीला लावताना छापील तक्ता उभा धरला. वाढीचा रकाना: ०.१२, ०.१२, ०.१२... तळापर्यंत. लोखंड असं वागत नाही.
सूत्र उघडलं. =$E$5-$D$5. खालच्या ओळीत तेच. सगळीकडं तेच. खुंटी फक्त मर्यादेला हवी होती, बटणानं मोजमापांनाही मारली. चाळीस हुकांना पहिल्याच हुकाची वाढ.
खुंट्या काढल्या. सत्तावीस: १.९. बाद. नऊ नंबर बाद. चौतीस नंबरही बाद.
हाताला कळलं होतं.
साहेब: "गाजावाजा नको. सोमवारी पत्र काढू."
"साहेब, हुकाला आज गाठ लटकतेय."
"मार्जिन असतं हो. चार दिवसांत काय होतंय?"

१४ नोव्हें., शुक्र., सकाळ
साहेबांना न विचारता जिनिंगला फोन. मुकादम म्हणाला, "तीन लावलेत, बाकी पेटीत. नंबर? ग्रीस अन् रुईत नंबर कुठं दिसतोय! ऐन सीझनात क्रेन बंद ठेवू? पासचा कागद तुमच्याच सहीचा आहे नं?"
आहे.
खाली जाऊन उ.भाईंना सांगितलं. ओरडले असते तर बरं. फडक्यानं एकेक बोट पुसलं. जावयाला फोन लावला. वाजून बंद. "क्रेन चालू असली की उचलत नाय."
मग स्कूटरची किल्ली काढली. "बसा."

तोच दिवस, फुलंब्री
पेट्रोलला थांबलोय. वहीत तीन नंबर: ९, २७, ३४. तीनच ना? मोजमापं टाइपही मीच केली होती, ती पुन्हा ताडून पाहिली नाहीत.
उ.भाई पुन्हा फोन लावतायत. स्पीकरवर.
वाजतोय.