ताडपत्रीखालचं सरपण

२ सप्टेंबर
शाळेसमोरचं म्हातारं झाड पाडलं. ज्याला हवेत त्याने ओंडके न्यावेत म्हणाले. लोक विचार करत उभे राहिले. मी कामावरून लाँड्रीची हातगाडी आणली आणि सगळं अंगणात आणून टाकलं. विचार करणाऱ्यांना पालापाचोळा मिळाला.
लेक डिसेंबरात तान्ह्या नातीला घेऊन येणार. पोरीची छाती नाजूक. डॉक्टर म्हणालेत, घर उबदार हवं आणि धूर अजिबात नको. लेक फोनवर म्हणाली, आई, जमेल ना गं? जमेल ना म्हणे. तिची आई आहे मी.
ही डायरीही तिनेच दिली. माणसांना बोलण्यापेक्षा कागदाला बोल म्हणाली.

३ सप्टेंबर
थोरल्या जाऊबाईंचं घर आमच्या घराला चिकटून. मधली भिंत एकच. सकाळी कुंपणावरून बघून म्हणाल्या, अगं, हे अजून ओलं आहे, वर्षभर तरी वाळायला हवं. फोडून ठेव, खाली फळ्या घाल, वारा खेळेल असं रच. मी म्हटलं, जाऊबाई, अर्धं आयुष्य लाँड्रीत वाळवण्यात गेलं, मला वाळवायला शिकवू नका. त्या हसल्या. त्यांचं सरपण मागच्या उन्हाळ्यापासून छपराखाली रचलेलं आहे, कपाटात चादरी रचाव्यात तसं. नुसता दिखावा.

९ सप्टेंबर
आजपासून लाकडं फोडायची ठरवली होती. कुऱ्हाडीचा दांडा ढिला निघाला. ह्यांना सांगितलं, बसवून द्या. करतो म्हणाले. ह्यांचं करतो म्हणजे काय, ते लग्नापासून माहीत आहे.
ओंडके अख्खेच बरे. दिसतात पण भरीव.

१७ सप्टेंबर
पाऊस. नवी ताडपत्री आणली. पार जमिनीपर्यंत ओढली, चारी बाजूंनी विटा ठेवल्या, वरून दोरीने आवळली. मुंगी शिरणार नाही. जाऊबाई म्हणाल्या, बाजू उघड्या ठेव, ओल्या कपड्यांचं गाठोडं बांधून कोणी वाळवतं का? मी विचारलं, कपड्यांना साल असते का? घरात गेल्या. एकदाच्या.

४ ऑक्टोबर
मागच्या वर्षीचं सुकं सरपण थोडं उरलंय. हे म्हणाले, ते घरात आणून ठेवू, पोरगी आली की कामाला येईल. मी म्हटलं, नाही, ते ओल्याच्या मधेमधे खोचायचं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ही म्हण काय उगाच पडली? सुकं ओल्याला वळण लावतं. हे म्हणाले, ती म्हण माणसांची आहे. म्हटलं, माणसांना लागू पडते तर लाकडाला का नाही? लाकूड माणसापेक्षा ऐकतं. हे रेडिओ लावून बसले.
सगळं सुकं खोचलं. पुन्हा बांधलं.

२६ ऑक्टोबर
ताडपत्री उघडली नाही. झाकण सारखं काढलं तर काही शिजत नाही.

१२ नोव्हेंबर
उघडली. आतून पाणी टपकत होतं. ओंडक्यांवर भूछत्रं उगवलीत, पांढरी, काही नारिंगी. सुकं सरपण दाबून पाहिलं तर बोट रुतलं. वास ओल्या मोज्यांचा.
पण विचार केला तर चांगलं लक्षण आहे. घाम येतोय म्हणजे आतलं पाणी बाहेर निघतंय. परत बांधली, जरा जास्त आवळून.
जाऊबाईंनी विचारलं, कसला वास गं? म्हटलं, गटार तुंबलंय.

२१ नोव्हेंबर
लेकीचा फोन. सरपण वाळलं का विचारत होती. खडखडीत म्हटलं.
आता वाळवणं भाग आहे.

२३ नोव्हेंबर
दांडा मीच ठोकून बसवला आणि फोडायला घेतलं. पहिल्याच घावाला कुऱ्हाड रुतली ती निघेना. हे आले. दोघांनी ओढली. दांडा आमच्या हातात, पातं लाकडात. अजून तिथेच आहे. मग पाचर ठोकून थोड्या चिरफळ्या काढल्या. हे म्हणाले, वहिनींची कुऱ्हाड मागून आणू का? मी नुसतं बघितलं. मग म्हणाले, राहू दे.

२९ नोव्हेंबर
डोकं चालवलं. मालक जेवायला गेल्यावर चिरफळ्या चादरीत गुंडाळून लाँड्रीच्या मोठ्या ड्रायरमध्ये घातल्या. असा आवाज सुरू झाला की शेजारचा न्हावी अर्धी दाढी सोडून धावत आला. ड्रमला पोचे पडले. हॉटेलातून धुवायला आलेल्या पांढऱ्या चादरी आतच होत्या, त्या चहात बुडवल्यासारख्या झाल्या. मालक म्हणाले, मावशी, तुम्ही काही दिवस घरीच बसा.
बरंच झालं. नात येणार म्हणजे सुट्टी हवीच होती.
चिरफळ्या वरून गरम झाल्यात. आतून होत्या तशाच.

११ डिसेंबर
आल्या दोघी. नात माझ्यावर गेलीय, कपाळाला जन्मापासून आठी.
चूल सकाळपासून पेटवतेय. ओंडका फुसफुसतो, टोकाला फेस आणतो, जळत नाही आणि विझतही नाही. आमच्या सासूबाई अशाच होत्या. जुनी वर्तमानपत्रं संपली, खोकी संपली, ह्यांचं बसायचं स्टूल संपलं. ते तेवढं छान जळलं. लेकीला म्हटलं, सुरुवातीला होतंच असं, धुराड्याचा पाइप तापला की धूर ओढून घेईल. तिने खिडकी उघडली तर थंडी आत. लावली तर धूर. नात एकदा खोकली, मग पुन्हा, मग थांबेना. तोंड लाल झालं. आवाज मांजराच्या पिल्लाएवढा.
जाऊबाई न विचारता आत आल्या. मला बोलणार म्हणून मी तयारीत होते. चांगली उत्तरं होती माझ्याकडे. त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. नातीला शालीत घेतलं आणि गेल्या. मागून लेक बॅग घेऊन गेली. दारात वळून म्हणाली, आई, रागावू नकोस, थोडे दिवसच.
मी कशाला रागावू.

१४ डिसेंबर
हे आता तिकडेच जेवतात. येताना जाऊबाईंचं सरपण काखेत मारून आले. एकावर एक आपटलं की खणखण वाजतं. पेटवू का म्हणाले. मी म्हटलं, पेटवता कशाला, आपल्या ओंडक्यांमध्ये खोचा. ह्यांनी ते सरपण उचललं आणि परत देऊन आले. संसारात माझं न ऐकता केलेलं पहिलं काम.
लेक रोज डोकावते, एकटी. नातीच्या कपड्यांना इथला वास लागतो म्हणाली. तूच चल ना तिकडे, काकू सारखी विचारते. मी म्हटलं, चुलीवर लक्ष ठेवायचंय.
चूल विझलेली आहे.

१९ डिसेंबर, दुपार
नात हसायला लागली म्हणे. हे सांगत आले. सांगायची गरज नव्हती, भिंतीतून ऐकू येतं.
पुढच्या थंडीपर्यंत ओंडके वाळतीलच. ताडपत्रीला आणखी एक दोरी हवी. बाकी कोणी काही म्हणा, बाहेरचा एक थेंब आत गेलेला नाही.
जाऊबाईंची चूल मधल्या भिंतीला लागून आहे. भिंत ह्या बाजूनेही कोमट लागते. माझी खाट ओढून त्या भिंतीला लावली. झाडायला सोपं पडावं म्हणून.