लिंबोणीचा ताण

१ जानेवारी १९७२. सकाळ.
काल साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून रिटायर झालो. हार, नारळ, भाषणं. आजपासून घरामागच्या बागेचा चार्ज माझ्याकडे. इतकी वर्षं आमची हीच बघायची. बघायची म्हणजे काय, सकाळी दोन बादल्या ओतायची नि पदराला हात पुसायची. प्लॅनिंग नाही. संकल्प : पहाटे पाचला उठणे. बागेत डिसिप्लिन. रागावणे बंद.

२ जानेवारी.
आठला उठलो. समारंभाचा थकवा.

४ जानेवारी.
लिंबोणीचा अभ्यास केला. ही दरवर्षी दत्तजयंतीला तिचं पाणी तोडते आणि संक्रांत झाली की सोडते. याला ताण देणे म्हणतात. झाड तहानलं की पानं टाकतं आणि मग पाणी मिळालं की फुलांनी भरून जातं. पद्धत बरोबर आहे, पण हिशेब कुणी केलेला नाही. एवढ्याशा ताणाला तीन पाट्या लिंबं येतात, तर पाडव्यापर्यंत ताणलं तर सहा-सात पाट्या कुठे गेल्या नाहीत. जन्मभर वजनं केली, मला हे कुणी शिकवायला नको. शिर्डीच्या एका हॉटेलवाल्याला सांगून ठेवलं, यंदा लिंबं माझ्याकडून घ्या.

९ जानेवारी.
घरातही डिसिप्लिन आणली. स्वयंपाकाचं टाइम-टेबल करून चुलीमागच्या भिंतीला चिकटवलं. हिने त्याला तवा टेकवून ठेवला. संध्याकाळी ओसरीवर चार माणसं बसली होती, तेव्हा मी सहज म्हणालो, की ही घरात नसली तरी माझं काही अडत नाही. गंमत केली होती. कुणी हसलं नाही. ही तर नाहीच.

११ जानेवारी.
ही संक्रांतीला माहेरी गेली, खर्ड्याला. भाऊ आप्पासाहेब न्यायला आले होते. एसटीच्या खिडकीतून मला म्हणाली, सनक्रांत झाली की लिंबोनीला पानी सोडा, तुळशीला रोज घाला. मला न्यायला या, असं म्हणाली नाही. माहेरी गेलेलीला आणायला सासरचं कुणीतरी जावं लागतं, ही रीत आहे. आम्हाला मूलबाळ नाही. तेव्हा सासरचा म्हणजे मीच. बघू.

१४ जानेवारी. संक्रांत.
शेजारच्या बनुबाईंनी तिळगूळ आणून दिला. विचारत होत्या, वैनीला आनायला कवा जानार? म्हटलं, येईल आपण होऊन.
लिंबोणीला पाणी सोडलं नाही. उलट बुंध्याभोवती कुदळीने खणून मुळ्या उघड्या केल्या. काही तुटल्या. त्या नादात दूध करपलं. कंबर धरली आहे.

२६ जानेवारी.
पानं पिवळी. उत्तम. झेंडावंदनाला जाणार होतो, पण बंब पेटेना. मोगऱ्याला आणि पेरूलाही ताण सुरू केला. तुळशीला ताण चालतो का, ते पाहायला हवं. बरेच दिवस तिकडे जाणं झालेलं नाही.

३० जानेवारी.
आसाराम मुकादम आला होता. हा खर्ड्याचा, ऊसतोडीची टोळी घेऊन दरवर्षी कारखान्यावर येतो. आणखी माणसं आणायला मध्येच गावी गेला होता. हिचा निरोप आणला : लिंबोनीला पानी सोडलं का, आन मला न्यायला कवा येत्यात?
मी सांगितलं, पाणी पाडव्याला सोडणार आहे, आणि एसटी रोज आहे, तिला वाट माहीत आहे. आसाराम चपलेकडे बघत राहिला. म्हणाला, तसं न्हाई मालक, बाईमानूस न नेता आपल्या पायानं परत आलं तर त्याला काय मान ऱ्हातो? मी हसलो. निरोप आला याचा अर्थ मात्रा लागू पडते आहे. माणसालाही थोडा ताण द्यावा लागतो. (हे वाक्य चांगलं जमलं.)

१३ फेब्रुवारी. महाशिवरात्र.
उपास. नाहीतरी स्टोव्ह बिघडलेलाच आहे.
वारा बदलला. शेवगा फुलला, बनुबाईंच्या आंब्याला मोहोर आला. रात्री गोधडी पायाशी ढकलतो. सगळ्या गावाला पालवी फुटते आहे आणि माझ्या बागेत पानांचा सडा पडला आहे. ताण पक्का बसला. बनुबाई कुंपणावरून हात घालून तुळशीला तांब्या ओतताना सापडल्या. प्रयोगात ढवळाढवळ नको, असं मी स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, परयोग लिंबोनीवर करा, तुळस काय तुमच्या कारखान्यात नोकरीला हाय का? अडाणी आहेत.
पाचला उठण्याचा संकल्प तूर्त स्थगित. हल्ली ओसरीवरच जेवतो. आतल्यापेक्षा हवेशीर.

२३ फेब्रुवारी.
आसाराम पुन्हा गावी जाऊन आला. या खेपेला निरोप नाही. मी दोनदा विचारलं. काईच सांगितलं न्हाई म्हणाला. बरी आहे का, विचारलं. हायेत, पर वाळल्यात जरा.
निरोप नाही म्हणजे राग ओसरला. चांगली खूण आहे. रात्रभर झोप नाही. डास फार.

२९ फेब्रुवारी. होळी.
पुरणपोळी बनुबाईंकडची. गल्लीतली पोरं होळीसाठी वाळलेली लाकडं गोळा करत आली आणि थेट लिंबोणीलाच भिडली. ती जिवंत आहे, असं ओरडून सांगावं लागलं. त्यांनी एक फांदी मोडून दाखवली. कडकन मोडली. पालवीच्या आधी असं होतं. होत असावं.

९ मार्च.
निवडणुकीच्या जीपगाड्यांनी सगळी धूळ बागेवर आणून टाकली आहे. पेरू गेला. मोगराही गेला, असं बनुबाईंचं मत. लिंबोणीवर नुसते काटे. शिर्डीचा हॉटेलवाला बाजारात भेटला, लिंबांचं विचारत होता. मी ओळख दाखवली नाही.

१५ मार्च.
उद्या पाडवा. ताण तोडायचा. पण पहिलं पाणी किती द्यायचं, एकदम की बेताबेताने, हे हिला विचारलं पाहिजे. फक्त तेवढ्यासाठी पहाटेच्या एसटीने खर्ड्याला जातो आहे. न्यायला नव्हे. तिला यायचं असेल तर माझी हरकत नाही. बाजारात हिरव्या बांगड्या बऱ्या दिसल्या, घेतल्या. माप ठाऊक नव्हतं, अंदाजे आणल्या.

१७ मार्च.
काल पोचलो तेव्हा गुढ्या उतरवत होते. ही आप्पासाहेबांच्या परसात वांग्यांना पाणी घालत होती. मी हाक मारली, चांगुणा. लग्न झाल्यापासून तिला नावाने कधी हाक मारली नव्हती. तिने मागे पाहिलं, पण बादली खाली ठेवली नाही.
मी लिंबोणीचं विचारलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, सनक्रांत झाल्यापास्नं पिशवी भरून ठेवली हुती. एसटीचा आवाज आला की दारात यायची. सारी वाडी बघायची. होळीच्या दिशी पिशवी रिकामी केली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, आता आलोय ना. ती म्हणाली, आता मी न्हाई येत.
तिच्या भावजयीने आग्रह केला म्हणून बांगड्या हातात घालून पाहिल्या. कोपरापर्यंत सरकल्या. एवढा वाळला होता हात. तिने त्या काढून मला परत दिल्या.
सकाळी निघताना तिनेच विचारलं, समदी पानं गेली का? हो म्हणालो. मग पानी घालून उपेग न्हाई. मी वळलो, तेव्हा म्हणाली, घाला तरी.
एसटीत शेजारच्या सीटवर रुमाल टाकून ठेवला. नगरला गर्दी चढली. एका म्हातारीने विचारलं, हितं कुनी येनार हाय का? मी रुमाल उचलला.

१८ मार्च. पहाटे ५.
आपोआप जाग आली.
लिंबोणीला दोन बादल्या घातल्या, तुळशीला एक. दिसायला लागल्यावर नखाने साल खरवडून पाहिली. खाली हिरवं नाही. दुसऱ्या फांदीचीही पाहिली. बनुबाई कुंपणाशी उभ्या होत्या.
मला हिची फार आठवण येते. आणखी एक बादली ओतली. मग हात धोतराला पुसले आणि आत आलो.