टाक्यासाठी जामीन

३ फेब्रुवारी
खटला हरले. म्हणजे नावापुरता. गच्चीवरचं कमळांचं टाकं फोडा आणि खालच्या लॉन्ड्रीवाल्यांना भरपाई द्या, असा निकाल. म्हणे टाकं गळतं, कपड्यांवर डाग पडतात. ह्यांनी जाताना मागे ठेवलेली तेवढीच एक वस्तू. स्वतःच्या हातांनी बांधलेली. ती गळेल कशी? अपील करणारच.

४ फेब्रुवारी
वकील म्हणाले, नुसत्या अपिलाने निकाल थांबत नाही. स्टे लागतो आणि स्टेसाठी जामीनदार. अपिलातही हरलो तर ज्याच्या घरावर टाच येईल असा माणूस. सोमवारपर्यंत न मिळाल्यास कोर्टाचा बेलिफ पहार घेऊन हजर. मी हसले. म्हटलं, एक कशाला, रांग लावते.

५ फेब्रुवारी, सकाळ
धाकट्या भावाकडे गेले. शाळेत जाताना त्याच्या बुटांच्या नाड्या मीच बांधायचे. म्हणाला, ताई, जीव माग. म्हटलं, जीव राहू दे, घराचे कागद दे. तेवढ्यात त्याला खोकला आला. बराच वेळ आला. भावजय पाणी आणायला गेली ती परतलीच नाही.
प्रकृती बरी नाही बिचाऱ्याची.

दुपार
कॉन्व्हेंटमधल्या मैत्रिणीकडे. शाळेत तिला बटण म्हणायचो. मिस्टरांना विचारून सांगते म्हणाली. जन्मात तिने मिस्टरांना काही विचारलेलं नाही. या वयात संवाद सुरू होतोय, छानच आहे.

६ फेब्रुवारी
जावयांचा फोन. आई, फ्लॅट बँकेकडे गहाण आहे हो. इतक्या नम्रपणे म्हणाले की मीच सॉरी म्हटलं.
संध्याकाळी टाक्याशी बसले. कमळ मिटत होतं. पाणी पुन्हा कमी झालेलं. ऊन फार आहे हल्ली. नळी लावली.

७ फेब्रुवारी
नणंद आली! न बोलावता, घराचे कागद पिशवीत घालून. वहिनी, सही कुठे करायची तेवढं सांग, म्हणाली. रडूच आलं.
वकिलांच्या ऑफिसात तिने पेनचं टोपण काढलं आणि सहज विचारलं, गळत नाही ना गं? मला एवढंच घर आहे.
नाही म्हणायला तोंड उघडलं. कोर्टात शपथेवर कसं सुरेख म्हटलं होतं.  ती पेन धरून थांबलेली. तिच्या चपलेचा अंगठा शिवलेला दिसला. म्हटलं, गळतं गं.
तिने टोपण लावलं. म्हणाली, दादाने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, टाकं साफ फसलंय, पण हिला सांगू नकोस, रोज तिथे चहा घेऊन बसते. सगळ्यांना माहीत आहे, वहिनी.
विचारलं, मग आलीस कशाला? तर म्हणाली, नाही गळत, असं तू म्हणाली असतीस तर केली असती सही.
वकिलांना म्हटलं, अपील नको. त्यांनी फाइल फारच चटकन मिटली.

८ फेब्रुवारी
लॉन्ड्रीवाल्यांची माफी मागायची. इंग्रजीत सॉरी म्हणणं सोपं जातं, म्हणून मुद्दाम मराठीत तयारी केली. मान ताठ, आवाज शांत, थोडक्यात आटपायचं.
गेले. बसा ना बाई, म्हणाले. दुकान चिंचोळं. खुर्ची मांडायला त्यांना छताखालची बादली सरकवावी लागली. मी बसले, पाठ केलेलं वाक्य सुरू केलं आणि थेंब बरोबर मानेवर पडला.
ते म्हणाले, होते सवय.