मुकादमीच्या किल्ल्या

ग्लासगो, मार्च १७९२

तीर्थरूप बाबांस, गॅविनचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे, लापशी पोटभर मिळते. आईचा खोकला कसा आहे?

आता जरा शांतपणे वाचा. आमचे गिरणीमालक डनमूरसाहेब राज्यसुधारणेच्या मंडळात भाषण ठोकतात, की राज्य करायचं तर लोकांची संमती हवी. गेल्या आठवड्यात त्यांनी मला मुकादम नेमून गिरणीच्या किल्ल्या हाती दिल्या. मी म्हटलं, "साहेब, मग मुकादम कोण हवा, हे कामगारांनाही विचारू या."

"अरे, गिरणी म्हणजे काय देश आहे?"

"जमीनदाराने न विचारता पाद्री लादला, तेव्हा माझ्या बापाने चर्च सोडून माळावर प्रार्थना केली. मलाही असली मुकादमी नको."

साहेब हसले. "घे विचारून. तुलाच निवडतील."

सोमवारी विचारलं. हात वर झाले ते सूत कातणाऱ्या ग्रिझेलसाठी! वर बाई म्हणते, "राग मानू नकोस, पण तू फार खेकसतोस."

मालकांना बाई मुकादम चालत नाही. म्हणतात, "मुकादमी तूच कर, नाहीतर चालू लाग." किल्ल्या मी ग्रिझेललाच दिल्यात आणि परत घेणार नाही. आईला एवढ्यात सांगू नका.

घालवलंच तर घरी येईन. माळावर तुमच्या शेजारी जागा धरून ठेवा.

तुमच्याच वळणावर गेलेला,
गॅविन