तुषारचे चार वाडगे

डहाणू रोड
९ नोव्हेंबर २०१७

प्रिय रुचिता,

फोनवर तू रडायला लागलीस की मलाही काही सुचत नाही, म्हणून सरळ कागद घेऊन बसले. परवा तुझ्या आईचा फोन आला होता. संगिताताई म्हणाल्या, पोरगी एका प्रश्नापाशी अडून बसलीय, डहाणूला विचारायचा धीर होत नाही आणि विचारल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नाही. प्रश्न कुठला तेही त्यांनी सांगितलं. त्यावर येतेच, पण आधी कालचं जेवण सांगते.

काल बुधवारी मी तुषारचे ते खिम्याचे गोळे केले. शाळेतून आले, पदर खोचला आणि लागले. खिमा कोंबडीचाच. आपला टर्की अजून अंगणात मिरवतोय. तुषार जहाजावरून सुटीला येणार म्हटल्यावर बाबांनी तो कोसबाडच्या एका शेतकऱ्याकडून आणला होता, आठवतं ना? मुलगा तिकडे साहेबलोकांना टर्की करून वाढतो, एकदा आपणही खाऊ, म्हणून. मग गळालेले चिकू चारून चारून त्याला असा माजवला की गल्लीतली कुत्री वाट बदलायला लागली. गाडीची शिट्टी झाली की गळा फुगवून ओरडतो, म्हणून तूच त्याचं नाव स्टेशनमास्तर ठेवलंस. आता त्याच्या मानेवर सुरी ठेवायची कुणाची छाती आहे? संध्याकाळी बाबांच्या मागे मागे फाटकापर्यंत जातो.

तर खिम्यात आलं, लसूण, पातीचा कांदा, पावाचा चुरा घातला. हात सवयीने मसाल्याच्या डब्याकडे गेला होता, आवरला. गोळे तेलात परतले आणि सॉसमध्ये मधाऐवजी गूळ घालून त्यात घोळवले. तुषार म्हणायचा तशी चकाकी आली खरी, पण कडेचा गूळ करपला. भात कोलमचा, तो मोकळा झाला. या गोळ्यांसोबत भात चिकटच हवा म्हणून तुषार कटकट करायचा, ते वाढताना आठवलं.

सॉसची बाटली तीच. इथल्या बाजारातला सॉस त्याला पसंत पडला नव्हता. बुधवारी तू बोईसरच्या बँकेतून दमून येशील, मी शाळेतून येईन, तर दोघींच्या हातात गरम वाडगे द्यायचे म्हणून तो मंगळवारी वापीला गेला. येताना तलासरीजवळ हायवेवर तो ट्रेलर. पोलिसांनी त्याची पिशवी आणून दिली तेव्हा बाटलीला साधा चरासुद्धा नव्हता. माणूस गेला आणि काच शाबूत राहिली, याचा मला इतका राग आला होता. फेकायला म्हणून कितीदा उचलली आणि परत पिठाच्या डब्यामागे ठेवली. काल तिचं बूच उघडलं. वास आला आणि मी ओटा धरून रडले, गॅस तसाच चालू होता. गूळ करपला तो म्हणून.

बाबांनी तुषारने सिंगापूरहून आणलेले निळ्या काठाचे वाडगे काढले. सवयीने चारही मांडले. मी दोन भरले, आम्ही समोरासमोर बसून जेवलो. बाबांनी वाडगा निपटून खाल्ला. जेवण झाल्यावर न भरलेले दोन वाडगे त्यांनी पुढ्यात ओढले. मग म्हणाले, "हे इथे पालथे पडून काय करणार? पोरीला देऊन टाक. तिच्या घरात लागतील."

संगिताताईंचं मी त्यांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं. तेव्हा उठून ते स्टेशनमास्तरला दाणे टाकायला गेले होते. उत्तर त्यांनी हे असं दिलं.

म्हणून लिहितेय. नविनला हो म्हण. तुझ्याबरोबर काम करतो, तुषारचं नाव निघालं की गप्प बसून ऐकून घेतो, एवढं मला पुरेसं आहे. तुषार गेल्यावर वर्षभर तू सासरीच, आमच्याजवळ राहिलीस. बाबांनी भांडून तुला नाशिकची बदली घ्यायला लावली, ती काही तिथे एकटीने जेवायला नव्हे. मला वाईट वाटेल का? वाटेल, खोटं कशाला बोलू. लग्नाच्या दिवशी सकाळी मी देवासमोर बसून रडेन आणि मग चांगली साडी नेसून तुमच्या डोक्यावर अक्षता टाकायला येईन. शेजारचा ललित सोमवारी नाशिकला येतोय, त्याच्या हाती दोन वाडगे पाठवतेय. बाटलीत उरलेला सॉसही आहे, नीट बांधलाय. एखाद्या बुधवारी दोघं दमून घरी याल, तेव्हा कर. आणि भात चिकट होऊ दे.

तुझीच, काल होते तशीच उद्याही,
आई